गोव्यात सोलर चालत नाही म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला आणि काल मामानेही पाठवला, तो स्वतः पॅनल बसवायच्या विचारात होता आणि आता म्हणतो राहू दे. मेसेज असा: गोव्यात घरावर सोलर म्हणजे पैसे पाण्यात, चार महिने पावसात वीज शून्य, खाऱ्या वाऱ्याने पाच वर्षांत पॅनल भंगार, लाइट गेली की सोलरही बंद म्हणजे सरळ फसवणूक, आणि सबसिडी कंपनीवाले खातात. आमच्या डिचोलीच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, दोन पावसाळे बघून झाले, म्हणून लिहितोय.

पावसाचं आधी. शून्य होत नाही. ढगातून जो उजेड येतो त्यावरही पॅनल चालतात, फक्त कमी. आमच्याकडे मार्चमध्ये दिवसाला १३-१४ युनिट होतात, जुलैत सरासरी ७ च्या आसपास, आणि सलग झड लागली की एखाद्या दिवशी ३ वर पण येतं, हे खरंच आहे. पण हिशोब वर्षाचा करायचा असतो, १ किलोवॅटला वर्षाला साधारण १४०० युनिट धरतात, त्यात पावसाळा आलाच. आणि दिवसा घरात कोणी नसताना जी जास्तीची वीज होते ती नेट मीटरमधून (आलेली-गेलेली दोन्ही वीज मोजणारा मीटर) वीज खात्याच्या लाइनवर जाते आणि बिलात वजा होते.

लाइट गेली की बंद, हे मात्र खरं आहे, आणि यावर लोक उगाच चिडत नाहीत, कारण आम्हालाही बसवणाऱ्याने हे आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या पावसात लाइट गेली, आईने विचारलं वर एवढे पॅनल आहेत मग पंखा का बंद, तेव्हा फोन केल्यावर कळलं, त्याचा राग मला अजून आहे. पण ही फसवणूक नाही. जूनमध्ये फांदी पडून तार तुटते, लाइनमन भर पावसात खांबावर चढतो, त्या वेळी आपल्या छपरावरून लाइनमध्ये करंट गेला तर तो माणूस मरेल, म्हणून ग्रिड, म्हणजे बाहेरची लाइन, गेली की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) आपोआप बंद होतो, तशी सक्तीच आहे. लाइट गेल्यावरही चालायला हवं तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) घ्यावा लागतो, खर्च बराच वाढतो. आम्ही जुना घरचा इन्व्हर्टर-बॅटरी तसाच ठेवला, पंखे आणि दिव्यांना पुरतो.

खारा वारा काचेला काही करत नाही, वीज बनवणारे सेल काचेखाली सीलबंद असतात. गंजतं ते खालचं स्ट्रक्चर आणि नटबोल्ट. मांद्र्याला, मोरजीला, समुद्राजवळ घर असेल तर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेलं) किंवा अ‍ॅल्युमिनियमचं स्ट्रक्चर आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट हे कोटेशनमध्ये लिहूनच घ्या, इथेच पैसे वाचवले जातात.

सबसिडी कोणी खात नाही. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तीला ७८ हजार, आणि ते पैसे काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर ग्राहकाच्याच बँक खात्यात येतात. पॅनल भारतीय बनावटीचे हवेत, त्यातले सेलसुद्धा, एवढी अट बघून घ्या.

खरी अडचण त्या मेसेजमध्ये नाहीच. गोव्यात घरगुती वीज स्वस्त आहे आणि दर स्लॅबने, म्हणजे वापर वाढेल तसा, वाढतो, त्यामुळे ज्यांचं महिन्याचं १०० युनिटसुद्धा होत नाही त्यांना सोलरचे पैसे सुटायला खूप वर्षं लागतील, त्यांनी घाई करू नये. एसी-गिझरवाल्या घराचं गणित वेगळं. दुसरं म्हणजे माड. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली की अख्ख्या माळेची वीज उतरू शकते, आणि वरून चुडत नाहीतर नारळ पडायची भीती वेगळीच.

मामाच्या घरी दोन एसी आहेत, बिल जोरात येतं, पण दक्षिणेला दोन उंच माड आहेत. त्याला सांगितलंय, सावली डिसेंबरात सगळ्यात लांब पडते, तेव्हा सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता गच्चीचे फोटो काढून ठेव, मग पॅनल कुठे बसतात ते मी येऊन बघतो.