घड्याळ बरोबर, जागा चुकीची

डीव्हीडी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला १ तास १२ मिनिटे ४० सेकंदांवर जायला सांगावे, त्याने १ तास १० मिनिटांच्या आसपास कुठेतरी नेऊन सोडावे आणि कोपऱ्यातल्या घड्याळात मात्र १:१२:४० असेच ठणकावून दाखवावे, हा निर्लज्जपणा किती दिवस सहन करायचा? चूक एक वेळ समजू शकते. पण चुकीच्या जागी उभे राहून बरोबर वेळ सांगणे याला खोटे बोलणेच म्हणतात.

यात गूढ काहीच नाही, निव्वळ आळस आहे. असे प्लेअर वेळेचा हिशेब सेक्टरांच्या (डिस्कवरच्या सारख्या आकाराच्या कप्प्यांच्या) प्रमाणात करतात, म्हणजे निम्मे सेक्टर ओलांडले की निम्मा चित्रपट झाला असे धरून चालतात. डीव्हीडीवरच्या एमपीईजी-२ पद्धतीने दाबून साठवलेल्या चित्रणाचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, मात्र सहसा बदलता असतो. धावपळीच्या दृश्यात तो सेकंदाला ९ मेगाबिटपर्यंत चढतो आणि दोन माणसे शांतपणे बोलत बसली की निम्म्याहून कमीवर भागते. ही पद्धत म्हणजे अंतर किलोत मोजणे झाले!

संताप याचा येतो की खरी माहिती डिस्कवरच असते. साधारण अर्ध्या ते एका सेकंदाच्या प्रत्येक तुकड्याच्या आरंभी नेव्हिगेशन पॅक (वाट दाखवणाऱ्या माहितीचा छोटा गठ्ठा) असतो आणि तिथून मागेपुढे दोन मिनिटांपर्यंत कुठे उडी मारावी, याचा तक्ता त्यात दिलेला असतो. अनेक डिस्कच्या आयएफओ फाइलींत (डिस्कची रचना सांगणाऱ्या फाइलींत) तर वेळेवरून सेक्टर सांगणारा स्वतंत्र तक्ताही असतो. तो उघडून वाचायचे कष्ट कोण घेणार? सेकंदभराची चूक मी तक्रार न करता पत्करतो, कारण डिकोडिंग (दाबलेले चित्र पुन्हा उलगडणे) वाटेल त्या फ्रेमपासून सुरू करता येत नाही, हे मला कळते. अडीच मिनिटांना ही सबब चालणार नाही.

चॅप्टरांची तर आणखीच तऱ्हा. सातवा चॅप्टर निवडला की हा प्लेअर क्षणभर अलीकडे थांबतो, पाटीवर ‘६’ दाखवतो, आणि ‘पुढचा’ दाबले की पुन्हा त्याच जागी आणून उभा करतो. (बैलसुद्धा घाण्याभोवती फिरताना थोडे तेल काढतो.)

अखेर काल मी शेजारी कागद ठेवला आणि १:१२:४० चे दृश्य हवे असल्यास १:१५:१० टाकावे, अशी नोंद केली. दुसरी डिस्क घातली, तेव्हा तो कागदही फाडावा लागला.