सव्वापट क्रेडिट नको, आपले पैसे परत मागा

परवा रात्री मंडळातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिची अलास्काची क्रूझ कंपनीनेच रद्द केलीय, अख्खं जहाज त्या आठवड्यात कुठल्यातरी मोठ्या ग्रुपला चार्टरने दिलंय म्हणे, आणि ईमेलमध्ये दोन पर्याय आलेत, एकतर भरलेले पैसे परत नाहीतर त्याच्या सव्वापट क्रेडिट, पुढच्या कुठल्याही क्रूझला वापरा. तिचे सासूसासरे साताऱ्याहून खास या ट्रिपसाठी येणार होते. ती म्हणाली, क्रेडिटच घेते गं, पंचवीस टक्के जास्त मिळतायत आणि जायचं तर आहेच ना. मी तिच्याशी तासभर बोलले तरी मनातलं संपलं नाही म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांब आहे, पण आईवडिलांना घेऊन जायचा बेत असेल तर प्लीज पूर्ण वाचा.

आमची गोष्ट २०२० ची. आम्ही सिएटलजवळ राहतो, अलास्काची जहाजं आमच्या अगदी दारातून सुटतात. माझे बाबा मिरजेला शाळेत भूगोल शिकवायचे, तीस वर्षं. हिमनदी, हिमोढ म्हणजे हिमनदीने वाहून आणलेला दगडमातीचा ढीग, यू आकाराची दरी, लोंबती दरी, सगळं फळ्यावर रंगीत खडूंनी काढायचे, त्यांच्या हातच्या त्या आकृत्या त्यांचे विद्यार्थी अजून आठवतात, आणि या माणसाने आयुष्यात एकदाही हिमनदी प्रत्यक्ष बघितलेली नाही. हिमालयात जायचं जायचं म्हणत राहिलं, आधी आमची शिक्षणं, मग आजीचं आजारपण. म्हणून मी ठरवलं की बाबांना ग्लेशियर बे, अलास्कातली ती हिमनद्यांची खाडी, दाखवायचीच. १४ जून २०२० ची सात दिवसांची क्रूझ, दोन केबिन, एक आम्हा तिघांची आणि एक आईबाबांची बाल्कनीवाली, म्हणजे आईला थंडी वाजली तर आत बसून काचेतून बघता येईल. बाबा तेव्हा बहात्तर वर्षांचे, आई अडुसष्ट, दोघं रोज तासभर चालायचे.

जहाज सुटायच्या नव्वद दिवस आधी पूर्ण पैसे भरायचे असतात, म्हणजे आमची शेवटची तारीख आली १६ मार्च, आणि १४ मार्चला कोविडमुळे अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे साथरोग नियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, क्रूझ बंदीचा आदेश काढला. पण तो आदेश सुरुवातीला तीस दिवसांचाच होता, सगळे म्हणत होते जूनपर्यंत होईल सुरळीत, मी सोमवारी सकाळी कार्डाने सगळे पैसे भरून टाकले. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. क्रूझ रद्द झाली आणि ईमेल आला, टॅक्स आणि पोर्ट फी कार्डावर परत येतील, मूळ भाड्याचं मात्र १२५ टक्के क्रेडिट मिळेल, रोख हवी असेल तर अमुक तारखेच्या आत फॉर्म भरा. फॉर्म नाही भरला तर आपोआप क्रेडिट.

मी फॉर्म भरला नाही. हिशोब सोपा वाटला. आईबाबांचं मूळ भाडं माणशी १२५० डॉलर होतं (माझं आणि नवऱ्याचंही तेवढंच), त्याचे झाले १५६२.५०, दोघांचे मिळून ३१२५. बँकेत ठेवले तर कोण देतंय एवढं! आईबाबांना मी विचारलंसुद्धा नाही, फोनवर नुसतं सांगितलं की पुढच्या वर्षी जाऊ, आणि वर जास्तीचे पैसे पण मिळालेत.

आता या क्रेडिटची रचना नीट समजून घ्या, कारण मला ती फार उशिरा कळली. क्रेडिट घराच्या नावावर नसतं, बुकिंगच्या नावावरही नसतं, ते एकेका माणसाच्या नावावर असतं. बाबांचं क्रेडिट बाबांनाच, आईचं आईलाच. साधारणपणे ते फक्त मूळ भाड्याला चालतं, टॅक्स, पोर्ट फी, रोजची टिप, बंदरावरच्या सहली, यातलं काहीही त्यातून भरता येत नाही. त्यात तारखा दोन असतात, एक बुकिंग कधीपर्यंत करायचं याची आणि दुसरी जहाज कधीपर्यंत सुटायला हवं याची, आणि लोक यातली एकच वाचतात. नवीन क्रूझ स्वस्त निघाली तर उरलेली रक्कम काही कंपन्या परत क्रेडिट म्हणून ठेवतात, काही सोडून द्यायला लावतात. आणि नवीन बुकिंग तुम्ही स्वतः रद्द केलंत तर क्रेडिट परत आलं तरी मुदत जुनीच राहते, घड्याळ काही नव्याने सुरू होत नाही.

२०२१ उजाडलं. अलास्काचं एक गणित असं आहे की अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशात नोंदलेलं जहाज मधे परदेशी बंदर घेतल्याशिवाय अमेरिकेतल्या बंदरांमध्ये प्रवासी फिरवून परत आणू शकत नाही, आणि ही मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळीच परदेशात नोंदलेली. म्हणून सिएटलहून निघालेलं जहाज कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतं. कॅनडाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं की २०२२ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत मोठी क्रूझ जहाजं आमच्या पाण्यात नकोत, म्हणजे अलास्काचा दुसरा सीझनही गेलाच. मग अमेरिकेने खास तात्पुरता कायदा केला, २४ मे २०२१ ला सही झाली, आणि जुलैत सिएटलहून जहाजं सुटायला लागली. आम्ही इथे टाळ्या वाजवतोय, पण तिकडे ४ मे पासूनच भारतातून व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्यांना अमेरिकेत प्रवेश बंद होता, तो उघडला ८ नोव्हेंबरला. अलास्काचा सीझन तोवर आवरलेला असतो. जहाज चालू, क्रेडिट चालू, आणि ज्यांच्या नावावर क्रेडिट आहे ती माणसं मिरजेत.

त्याच नोव्हेंबरात आईबाबांचा दहा वर्षांचा व्हिसा संपला, आणि नवीन अपॉइंटमेंटसाठी तेव्हा मुंबईत काय अवस्था होती ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना विचारा. कंपनीने मुदत वाढवली होती हे मला मान्य करायलाच हवं, ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत. मी म्हटलं चला, अजून एक उन्हाळा आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये बाबांची बायपास झाली. डॉक्टरांनी सांगितलं लांबचं विमान सध्या विसरा. आईचे गुडघे तोपर्यंत इतके दुखायला लागले होते की ती देवळाच्या चार पायऱ्यासुद्धा कठडा धरून चढायची.

मग मी कंपनीला फोन करायला लागले. किती तास होल्डवर काढले त्याची गणतीच नाही. म्हटलं आईबाबांचं क्रेडिट माझ्या नावावर करा, मुलाच्या नावावर करा, नाहीतर आम्ही भरलेले मूळ अडीच हजार तेवढे परत करा, वरचे सव्वासहाशे तुम्हालाच राहू द्या. हॉस्पिटलचे कागद पाठवले. बोलणारी मुलं अतिशय सभ्य होती, त्यांच्यावर माझा राग नाही, पण उत्तर दर वेळी एकच, क्रेडिट नॉन-ट्रान्सफरेबल आहे आणि तुम्ही ते स्वीकारलेलं आहे.

आम्हा तिघांचं क्रेडिट आम्ही २०२२ च्या ऑगस्टमध्ये वापरलं. तीच सात दिवसांची क्रूझ, तशीच केबिन, भाडं आता माणशी १७८०. म्हणजे सव्वापट धरूनसुद्धा माझे आणि नवऱ्याचे खिशातून प्रत्येकी २१७.५० गेले, वर टॅक्स आणि टिप वेगळी. जास्तीचे मिळाले म्हणून मी दोन वर्षं खूश होते, आणि भाडं त्याच्याही पुढे निघून गेलं होतं.

ग्लेशियर बेमध्ये सकाळी पार्कचे रेंजर जहाजावर येतात आणि स्पीकरवरून माहिती सांगतात. मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज थांबलं, निळसर बर्फाची ती भिंत, मधूनच तोफेसारखा आवाज आणि बर्फाचा कडा पाण्यात. रेंजरने सांगितलं की १७५० च्या सुमाराला ही पूर्ण खाडी बर्फाने भरलेली होती, १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकूव्हरची माणसं आली तेव्हा नुसता एक खोलगट भाग दिसत होता, आणि १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर येईपर्यंत बर्फ चाळीस मैलांच्यावर मागे सरकला होता. मला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं, बाबांच्या तोंडून. मी फोन लावायचा प्रयत्न केला पण तिथे नेटवर्क कुठलं, आणि भारतात मध्यरात्र होत आलेली. व्हिडिओ काढून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी केचिकान बंदरात रेंज आली तेव्हा पाठवले. संध्याकाळी बाबांचे सात व्हॉइस मेसेज आले नातवासाठी. बर्फात ती काळी पट्टी दिसतेय ना तो मध्य हिमोढ, दोन हिमनद्या मिळाल्या की मधे असा होतो. कड्यावर ओरखडे आहेत बघ आडवे, ते बर्फात अडकलेल्या दगडांनी घासून झालेत. तिसऱ्या मिनिटाला उजवीकडे धबधबा आहे ती लोंबती दरी, आईला सांग परत झूम करून दाखव. मी परत झूम करून दाखवू शकत नव्हते, जहाज तिथून कधीच निघालेलं होतं. मी डेकवर जाऊन रडले.

३१ डिसेंबरला आईबाबांचे ३१२५ डॉलर शून्य झाले.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्रेडिट म्हणजे तुम्ही कंपनीला दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे, आणि सव्वापट आकडा दिसला तरी ते फेडायचं कसं, कधी आणि कशात हे कंपनी ठरवते. तिशीतल्या माणसाला दोन वर्षं थांबणं परवडतं. सत्तरीच्या माणसाची दोन वर्षं वेगळी असतात, त्यात गुडघे असतात, हार्ट असतं, व्हिसा असतो. त्यांच्या नावावर "पुढच्या वेळी" लिहून घ्यायचा निर्णय मी एकटीने घेतला हे माझं चुकलं, त्यांना विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते पैसे घे, त्यात आपण हिमाचलला जाऊन येऊ. २०२१ च्या सुरुवातीला दोघं आरामात रोहतांगला जाऊ शकले असते असं नाही म्हणत मी, पण रोख हातात असती तर जेव्हा जमेल तेव्हा, जिथे जमेल तिथे गेलो असतो.

आणि कंपनीच राहिली नाही तर? मुंबईहून सुटणारी जलेश क्रूझेस २०१९ मध्ये किती थाटात सुरू झाली होती, ऑक्टोबर २०२० मध्ये बंद, तिचं कर्णिका जहाज अलंगला भंगारात गेलं. क्रिस्टल क्रूझेससारखी नावाजलेली कंपनी जानेवारी २०२२ मध्ये बंद पडली. अशा वेळी क्रेडिटवाला माणूस घेणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, आणि त्याच्यापुढे बँका असतात.

हे वेगळं होऊ शकतं हे आपल्याच सुप्रीम कोर्टाने दाखवून दिलंय. लॉकडाऊनमध्ये विमान कंपन्यांनी पैशांऐवजी क्रेडिट शेल द्यायला सुरुवात केली तेव्हा १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात कोर्टाने सांगितलं की हे क्रेडिट प्रवाशाला दुसऱ्या कुणालाही देता आलं पाहिजे, त्यावर दरमहा आधी अर्धा आणि नंतर पाऊण टक्का भर पडली पाहिजे, आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरलं गेलं नाही तर पैसे परत. ट्रान्सफर, वाढ आणि शेवटी रोख, क्रूझच्या क्रेडिटला या तीन अटी असत्या तर मला ही पोस्ट लिहावीच लागली नसती.

अमेरिकेतही आता नियम आहे. एप्रिल २०२२ पासून फेडरल मॅरिटाइम कमिशन या सागरी वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे, इथल्या बंदरातून निघणारी क्रूझ कंपनीने रद्द केली किंवा तीन दिवस वा जास्त लांबवली आणि तुम्ही ती पर्यायी ट्रिप नाकारलीत, तर पैसे परत मागायचा तुम्हाला हक्क आहे. हे कंपनीने रद्द केल्यावर, तुम्ही स्वतः रद्द केलंत तर नाही, त्यामुळे घाईघाईने आपणच कॅन्सल करू नका, त्यांना करू द्या. ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर क्रेडिट स्वीकारायच्या आधी पॉलिसी वाचा, काही पॉलिसी म्हणतात भरपाई मिळाली, आता क्लेम नाही. आणि ज्यांच्याकडे आधीच क्रेडिट पडून आहे त्यांनी आज जाऊन दोन्ही तारखा लिहून काढा आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं क्रेडिट सगळ्यात आधी वापरा, अलास्काच हवं असा हट्ट न धरता, तीन दिवसांची जवळची क्रूझ असली तरी चालेल.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, सासऱ्यांना विचारते. तिला मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं, नाहीतर आपोआप क्रेडिट. काल रात्री तिचा मेसेज आला, साताऱ्याला फोन झाला, सासरे म्हणाले पैसे घ्या आणि याच उन्हाळ्यात दुसरं जहाज बघा, आम्ही तिकिटं काढून बसलोय. रिफंडचा फॉर्म भरून झाला, आणि आता दोघी मिळून ऑगस्टच्या केबिन बघतोय.