अप्पांचा शंख

आमचे अप्पा गणपतीत शंख फुंकायचे तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. तीन वर्षांपूर्वी शंखातून नुसती हवा आली, फुस्स! सगळे हसले, अप्पाही हसले. "वय झालं रे आता." उजव्या हाताची थरथर पुढच्या उन्हाळ्यात लक्षात आली आणि पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. शंखाशी त्याचा काही संबंध असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

कंपवात म्हटलं की सगळे हाताकडे बघतात, छातीकडे कुणी बघत नाही. डॉक्टरांकडे दर वेळी चालून दाखवा, बोटं आपटून दाखवा. दम लागतो का, हे वर्षभरात एकदाही विचारलं गेलं नाही. विचारलं असतं तरी अप्पा 'नाही'च म्हणाले असते म्हणा. चाल मंदावलेली, जिना चढणं बंद; दम लागायला तेवढी धावपळ तर व्हायला हवी!

ताठरपणा हातापायांपुरता राहत नाही. बरगड्यांमधले स्नायूही आखडतात, छाती पुरती फुलत नाही. फुप्फुसं ठणठणीत आणि भाताच कडक झालेला. गोम अशी की सुरुवातीला साधी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारी तपासणी, बऱ्याचदा नॉर्मल येते. अप्पांचीही आली. मग छातीच्या डॉक्टरांनी तोंडाने जोर लावून फुंकण्याचा दाब मोजला, तो कमी निघाला. ही तपासणी आम्हाला मागून घ्यावी लागली.

फुंकर कमजोर म्हणजे खोकलाही कमजोर. घास किंवा लाळ श्वासनलिकेत गेली तर खोकून बाहेर काढता येत नाही आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मृत्यूचं ते एक मोठं कारण आहे. म्हणून 'वय झालं' या उत्तराचा मला राग येतो. माझं स्वतःचंही तेच उत्तर होतं, त्याचा जास्त.

प्रत्येक दम पार्किन्सन्सचाच असतो असंही नाही. हृदय, दमा, हिमोग्लोबिन आधी बघायलाच हवं. कधी पार्किन्सन्सच्या गोळीचा असर उतरताना छाती आवळल्यासारखी होते. ती वेळ वहीत लिहून ठेवा, डॉक्टरांना उपयोग होतो.

फुंकर सुधारावी म्हणून अप्पा आता स्प्रिंगची झडप असलेल्या नळीत जोर लावून फुंकतात. पाच फुंका, अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून पाच दिवस. ऑपरेशननंतर देतात ती तीन चेंडूंची डबी वेगळी, तिच्यातून हवा आत ओढायची असते. आई समोर बसून मोजते. चौथ्या फेरीला अप्पा हमखास वैतागतात. शंख काढू का विचारलं, तर म्हणतात, "गणपतीत बघू."