ब्लॅकमोर गेला आणि पर्पल संपला?

रॉक ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर दर चार-सहा महिन्यांनी पुन्हा उगवतो. सार असं: १९९३ साली गिटारवादक रिची ब्लॅकमोर बाहेर पडला त्याच दिवशी डीप पर्पल हा ब्रिटिश हार्ड रॉक बँड संपला. १९९६चा ‘पर्पेंडिक्युलर’ हा अल्बम म्हणजे पाटी जुनी, माल भलताच. नवा गिटारवादक स्टीव्ह मोर्स हा नुसता बोटं पळवणारा कारागीर. अल्बम विकला नाही, त्यातलं एक गाणं टिकलं नाही, आणि पुढे सगळा कारभार जुन्या गाण्यांच्या जिवावर.

ब्लॅकमोर मलाही प्रिय आहे. पण म्हणून काहीही?

ब्लॅकमोर म्हणजेच पर्पल, हे आधी घेऊ. तसं असतं तर १९९०चा ‘स्लेव्ह्ज अँड मास्टर्स’ अस्सल पर्पल ठरायला हवा होता. त्यात ब्लॅकमोर आहे, आणि गायला त्याच्याच रेनबो या बँडमधला जो लिन टर्नर. या अल्बमला ‘डीप रेनबो’ म्हणून नाकं मुरडणारे बहुतेक हेच लोक. म्हणजे ब्लॅकमोर असूनही पर्पल नसतो, हे त्यांना मान्य आहे. नसतानाही असू शकतो, एवढंच घशाखाली उतरत नाही. आणि माणसं बदलणं या बँडला नवं होतं का? १९६९ला गायक आणि बासवादक बदलले, तेव्हा कुठे गिलन आणि ग्लोव्हर आले. ‘मशीन हेड’ हा अल्बम त्या बदलाचंच फळ. १९७३ला ते दोघेही गेले, कव्हरडेल आणि ह्यूज आले. पहिल्यापासून आजवर एकच माणूस आहे, ड्रमवरचा इयन पेस. त्याच्या नावाने कोणी गळा काढत नाही.

शिवाय ब्लॅकमोर गेला तो कसा? नोव्हेंबर १९९३चं बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण पाहा. ‘हायवे स्टार’ सुरू होतं आणि गिटारवादकाचा पत्ता नाही. गाणं निम्मं झाल्यावर साहेब अवतरतात, आणि नंतर कॅमेरावाल्याच्या दिशेने पाणी भिरकावतात. काही दिवसांतच दौरा अर्धा टाकून निघून गेले. जपानच्या ठरलेल्या तारखा गिटारवादक जो सॅट्रियानीने निभावल्या. घर मोडलं होतं ते आधीच.

आता मोर्स. डिक्सी ड्रेग्ज आणि कॅन्सास या बँडांमधून आलेला, मधल्या काळात चक्क विमान कंपनीत वैमानिक म्हणून नोकरी केलेला माणूस. ‘पर्पेंडिक्युलर’चं पहिलंच गाणं, ‘टेड द मेकॅनिक’, हेडफोन लावून ऐका. प्लेक्ट्रम, म्हणजे बोटांत धरायची चकती, तार छेडताना अंगठ्याची कड तारेला निसटती लागते आणि जाडजूड स्वराच्या जागी बारीक शिट्टी फुटते. मोर्सने अख्खा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, या शिट्ट्यांवर उभा केला आहे. ब्लॅकमोरची नक्कल करायची असती तर याहून सोपे रस्ते होते. आणि त्यावर गिलन गात नाही. चहाच्या टपरीवर कुणाची तरी भानगड सांगावी तसा बोलत सुटतो.

‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’ तर या आरोपाला पुरून उरतं. साडेसात मिनिटांचं गाणं, सुरुवात गिटारच्या हळुवार सुट्या स्वरांनी. १९७०च्या ‘चाइल्ड इन टाइम’मध्ये गिलनने कानठळ्या बसवल्या होत्या. पन्नाशीतला गिलन इथे ओरडावंसं वाटतं असं म्हणतो, पण बराच वेळ आवाज खाली ठेवून. शेवटी मोर्सची गिटार एकच धून धरून चढत जाते. घाई नाही, कसरत नाही. कारागीर म्हणे! एकही गाणं टिकलं नाही म्हणणाऱ्यांसाठी: हे गाणं पुढे अनेक वर्षं मैफलींत वाजत राहिलं.

‘हायवे स्टार’च्या सोलोत मोर्स मलाही कधीकधी खटकतो, ते सोडा. अल्बमही सीडीच्या जमान्यातल्या बऱ्याच अल्बमसारखा लांबलेला. ‘हे सिस्को’ गाळलं असतं तर कुणी विचारलंही नसतं.

विक्री? नव्हती फार. १९९६ साली पन्नाशीतल्या ब्रिटिश हार्ड रॉकवाल्यांना रेडिओवर कोण विचारत होतं? त्यावरून गाण्यांची प्रत ठरत नाही.

राहिला जुन्या गाण्यांवर जगण्याचा मुद्दा. एप्रिल १९९५मध्ये हा बँड मुंबईत वाजवून गेला. मोर्स येऊन जेमतेम पाच महिने झालेले, अल्बम निघायला अजून दहा महिने होते. त्या रात्रीचं चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ आहे, १९७२च्या एका रेकॉर्डची मागची बाजू. ब्लॅकमोरला ते आवडत नसल्याने वर्षानुवर्षं अडगळीत पडलेलं. ‘पिक्चर्स ऑफ होम’ आहे. म्हणजे जुनी गाणी होती, पण पूर्वी ज्यांना मंचावर जागा मिळत नव्हती अशीही. आणि त्याच मंचावर, ‘स्मोक ऑन द वॉटर’च्या तीन-चार स्वरांसाठी ताटकळलेल्या मुंबईकरांसमोर, त्यांनी एक अजून अल्बममध्ये न आलेलं गाणंही वाजवलं. ‘पर्पेंडिक्युलर वॉल्ट्झ’. पुढे अल्बममध्ये आलं ते हेच.