भांडुपच्या वडिलांना उत्तर: दिव्याची शपथ आणि एमटीपीची ट्रॉली

दादा,

(सहीच्या जागी तुम्ही फक्त 'नर्सिंगच्या मुलीचा बाप, भांडुप' एवढंच लिहिलंय, म्हणून दादा म्हणते. वयाने बरेच मोठे असाल तर राग मानू नका.)

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी नर्सिंग शिकवते. गर्भपाताबद्दल काय वाटतं ते माझ्या विद्यार्थिनींना निनावी चिठ्ठ्यांवर लिहायला सांगितलं होतं, आणि त्या चिठ्ठ्यांवर मी गेल्या महिन्यात इथे लिहिलं. त्यावर दादा म्हणतात: माझी मुलगी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गायनॅक ओटीतल्या (स्त्रीरोग विभागाच्या ऑपरेशन थिएटरमधल्या) पहिल्या पोस्टिंगहून घरी आली आणि रात्री जेवली नाही. लग्न न झालेल्या पोरींना हे दाखवताच कशाला? हातात दिवा धरून शपथ घेतलेल्या मुलींना जीव घ्यायच्या कामाला लावता, आणि कुणी कचरली तर तिला मागासलेली म्हणता. परदेशात नर्सला नकाराचा हक्क आहे, इथे का नाही?

'मागासलेली' हा शब्द माझाच, आणि तो मी मागे घेते. 'मला हे पाप वाटतं, मी ट्रेला हात लावणार नाही' असं जिने लिहिलं, तिने मी खरं लिहा म्हटल्यावर खरं लिहिलं होतं. ते चारचौघांत टांगून मी हसं केलं. ट्युटरने करायची गोष्ट नव्हे ही. आणि मुलगी जेवली नाही यात तिचं काही चुकलं नाही. गर्भपिशवी रिकामी करणाऱ्या सक्शनचा आवाज कसा येतो, किडनी ट्रेमध्ये काय दिसेल, बाई रडली तर काय बोलायचं, हे तिला आत पाठवण्याआधी कुणी बसवून सांगितलं होतं का? बाहेर आल्यावर दहा मिनिटं कुणी चौकशी केली का? बहुतेक नाहीच. केस बुकात एक एमटीपी (कायद्याच्या भाषेत गर्भपात) भरली, मॅडमची सही झाली, पुढची पोस्टिंग. हा दोष आम्हा शिकवणाऱ्यांचा.

आता शपथेचं. ती आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नावाने घेतात, पण त्यांनी ती लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेत, डेट्रॉइटमध्ये ती तयार झाली. अपायकारक औषध जाणूनबुजून देणार नाही, असं त्यात आहे. रुग्णाच्या खाजगी गोष्टी बाहेर बोलणार नाही, असंही आहे. गर्भपात हा शब्द त्यात नाही. मला विचाराल तर त्यातली गुप्ततेची ओळ आपल्या वॉर्डांत रोज मोडते. 'कोपऱ्यातली कॉट ना, अनमॅरीड आहे ती,' हे वाक्य चहाच्या ट्रॉलीबरोबर वॉर्डभर फिरतं. गर्भपाताच्या कायद्याप्रमाणे या बाईच्या केसपेपरवर नावसुद्धा घालायचं नसतं, रजिस्टरमधला अनुक्रमांक घालायचा असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर तिची ओळख फोडणाऱ्या डॉक्टरला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

जीव कधी सुरू होतो यावर तुमचं-माझं एकमत होणार नाही, आणि मी तो वाद घालणारही नाही. पण त्या चिठ्ठ्यांमध्ये पापाची भाषा थोडी होती. जास्त होतं ते अज्ञान. 'आपल्याकडे अ‍ॅबॉर्शनला बंदी आहे.' 'नवऱ्याची सही लागते.' 'पहिलं पाडलं की पुढे मूल राहत नाही.' या मुली लहानपणापासून दवाखान्याच्या भिंतीवर एकच पाटी वाचत आल्यात, लिंगनिदान केलं जात नाही आणि तो गुन्हा आहे. तो कायदा १९९४ चा, वेगळा, आणि हवाच. पण दोन्हींची सरमिसळ होऊन 'भ्रूणहत्या' हा एकच शब्द डोक्यात उरतो. एमटीपीचा कायदा १९७१ चा, १ एप्रिल १९७२ पासून लागू. त्याच्या आधीच्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह होते, आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. चोरून पाडायला जाऊन बायका मरत होत्या, म्हणून तो आला. सज्ञान बाईला स्वतःची सही पुरते. फॉर्म सी म्हणतात तो. नवऱ्याची, सासूची, कुणाची सही लागत नाही. आणि नीट, वेळेत केलेल्या गर्भपाताने पिशवी कायमची बिघडत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला हे ठाऊक नसेल, तर समोरच्या बाईला ती काय सांगणार?

आता जे मी मूळ लेखात लिहायचं टाळलं, ते सांगते. मी स्वतः विद्यार्थिनी असतानाची रात्रपाळी. हॉस्पिटलचं नाव राहू द्या. एमटीपी झालेली एक बाई शेवटच्या कॉटवर होती. 'खाली करून घ्यायला' ती दुसऱ्यांदा आली होती, हे मला सिनियरने कुजबुजून सांगितलं होतं. ती हळू आवाजात 'सिस्टर, सिस्टर' करत होती. मी ऐकलं. टीपीआरचे (ताप, नाडी, श्वासाचे) चार्ट भरत बसले. मुद्दाम. काम होतं असं नाही, मला तिचा राग आला होता. फेरीवर आलेल्या मावशीने चादर उचलली, तर पॅड भिजून रक्त गादीपर्यंत गेलेलं. तासाला दोन पॅड, असं सलग दोन तास झालं तर धावायचं, हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. बाई वाचली, माझ्यामुळे नव्हे. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, मी कुणाला सांगितलंही नव्हतं. तरी ते माझ्या पायात उतरलं आणि मी उठले नाही.

म्हणून मी मुलींना चिठ्ठ्या लिहायला लावते. मतं बदलायला नव्हे. निदान कोणाचे पाय कुठे अडतात, ते त्यांना आणि मला कळावं.

परदेशाचं तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यात सद्सद्विवेकाचं कलम आहे. पण त्यावर २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन मिडवाइफच्या खटल्यात निकाल दिला, की ही मुभा प्रत्यक्ष हात लावायच्या कामापुरती आहे, देखरेखीच्या आणि कामं वाटायच्या जबाबदारीतून सुटका नाही. आणि बाईचा जीव धोक्यात असेल तर नकारच नाही. आपल्या कायद्यात असं कलमच नाही. तरी माझ्या गटातली एखादी गर्भपाताच्या अवजारांची ट्रॉली लावायला नको म्हणाली, तर मी तिला रिकव्हरीत, म्हणजे ओटीतून बाहेर आणलेल्या बायकांजवळ, बसवते. तिथून मात्र सूट नाही. बीपी, पॅड, पोटात कळा किती, डोळे मिटलेत की ग्लानी आहे, हे बघायचंच. तसंही आपल्याकडे गर्भपात करण्याचा अधिकार कायद्याने डॉक्टरलाच आहे, नर्सला नाही. त्यामुळे तुमच्या मुलीला 'जीव घ्यायला लावलं' हे म्हणणं अक्षरशःही खरं नाही.

आणि परदेशाचंच काढलंत म्हणून सविता हलप्पनवार आठवते. बेळगावची, दातांची डॉक्टर. आयर्लंडमध्ये गॉलवेला २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे कळल्यावर तिने गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू होते, म्हणून मिळाला नाही. सेप्सिसने, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाने, गेली. हा देश कॅथलिक आहे, या अर्थाचं तिच्याशी बोलली ती एक मिडवाइफ. चौकशीत तिने ते कबूल केलं, दुखवायचा हेतू नव्हता असंही सांगितलं. नसेलही. खरंच नसेल. मलाही त्या रात्री तसा काही हेतू नव्हता असंच मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत होते.

लग्न न झालेल्या मुलींना कशाला दाखवता, या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर आहे. त्या कॉटवर येणाऱ्यांतल्या कितीतरी त्यांच्याच वयाच्या असतात, आणि लग्न न झालेल्याही असतात. २०२१ च्या दुरुस्तीत 'विवाहित स्त्री आणि पती' जाऊन 'स्त्री आणि जोडीदार' आलं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीत घेतलं. डॉक्टरसमोर ती पोर मान वर करत नाही. तुमच्या मुलीच्या वयाची सिस्टर दिसली तर कदाचित करेल.

एक ओळ तुम्ही कंसात टाकलीय: 'आईला म्हणाली, त्या बाईने हात घट्ट धरला होता, सोडवेना.' जेवण त्यामुळेही गेलं असेल. तिला विचारा, पण जेवताना नको. आणि ही पोस्टिंग संपायच्या आत तिने आपल्या ट्युटरशी बोलावं. त्यांना वेळ नसेल तर मला मेल करायला सांगा, पत्ता ब्लॉगवर उजवीकडे आहे. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते.