दशांशाचा तोरा
स्वस्तातला टेम्परेचर कंट्रोलर निवडायला बसलं की डोकं फिरतं. फोटोत सगळे सारखेच: काळा डबा, लाल आकडे, खाली चार बटणं. आणि जे कळायला हवं तेच नेमकं गायब! आउटपुट रिलेचं (टकटक करणाऱ्या यांत्रिक स्विचचं) की एसएसआरसाठीचं (हलते भाग नसलेल्या इलेक्ट्रॉनिक स्विचसाठीचं)? वर्णनात दोन्ही लिहून मोकळे. हीटर लावून पाहावं तर आतून 'टक्'. म्हणजे रिलेच. आता पीआयडी (तापमान स्थिर ठेवणारी नियंत्रण-पद्धत) दर काही सेकंदांनी चालू-बंद करत राहणार, तो बिचारा रिले कितीसा तग धरणार? कुठे कुठे सोबत '४० अँपिअर'चा एसएसआर फुकट. हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) त्यातून ४० सोडाच, १० अँपिअर सतत नेऊन दाखवा! शिवाय तो मरतो तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होऊनच मरतो, म्हणजे हीटर चालूच. (फार तापलं की वीज तोडणारा थर्मल फ्यूज लावा रे बाबांनो.)

सेन्सरचीही तीच तऱ्हा. ११० अंशांपर्यंतचा एनटीसी (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर) द्यायचा आणि वर लिहायचं, 'रिफ्लो ओव्हनसाठी उत्तम'. अहो, ही भट्टी सोल्डर वितळवून सर्किट बोर्डावर भाग जोडायची, आणि ६३/३७ (कथील-शिसे) सोल्डर वितळायलाच १८३ अंश सेल्सिअस लागतात! जास्त तापमान मोजणारं के-टाइप थर्मोकपल कुठे गेलं? डिस्प्लेवर ०.१ अंश दिसला म्हणजे अचूकता आली का? हिस्टेरिसिस (चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतला फरक) २ अंशांचा आणि तोरा प्रयोगशाळेचा.