कापूस कशासाठी? नुसतं बघून कळत नाही

'निसर्गात प्रत्येक गोष्टीला हेतू असतो. नीट बघा, कळेल. चांगलं-वाईट ठरवायची गरज नाही. कापूस वस्त्रासाठी, सरकी जनावरांसाठी.' हा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. मराठवाड्यात कापूस घरोघरचं पीक, म्हणून त्यावरच तो तपासू.

'नीट बघा, कळेल.' बघून फक्त परिणाम दिसतात, आणि तेही अनेक. सरकी फोडा, गरात काळपट ठिपके दिसतील. त्या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. ते अळीची वाढ रोखतं, कोंबड्या-डुकरांना बाधतं, पुरुषांचे शुक्राणूही कमी करतं. यातलं ते कशासाठी? त्यासाठी ग्रंथी नसलेलं वाण शेजारी लावून तुलना करावी लागते. अमेरिकेत 1950च्या दशकात अशी वाणं निघाली, तेव्हा एरवी कापसाला न शिवणारे किडे आणि उंदीर त्यावर तुटून पडले. म्हणजे गॉसिपॉल झाडाची राखण करतं. इथवर दाव्यात तथ्य आहे: एखादा गुण कशामुळे टिकला, हे कुणाची बाजू न घेता मोजता येतं.

'कापूस वस्त्रासाठी.' धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी. रानकापसात ती आखूड असते. माणसाने हजारो वर्षं लांब धाग्याचं बी राखलं, म्हणून आज ती अडीच-तीन सेंटिमीटर भरते. हा हेतू आपला आहे, निसर्गाच्या नावावर खपवू नये.

'सरकी जनावरांसाठी.' कोणत्या? गाई-म्हशींच्या पोटात गॉसिपॉल बांधलं जातं, लहान वासरांना तीच सरकीची पेंड बाधते.

'चांगलं-वाईट ठरवायची गरज नाही.' खरी चूक इथे आहे. गुलाबी बोंडअळी दोन सरक्या जाळीने जोडून आत सुप्तावस्थेत महिने काढते. 2002 साली बीटी कापूस आला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारं वाण. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बी कडेने लावायला मिळे, म्हणजे त्यावर वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर होऊन अळीत या विषाचा प्रतिकार येणं लांबावं. अनेकांनी ते लावलंच नाही. प्रतिकार आला, आणि 2017 साली राज्यभर बोंडं पोखरली गेली.

आता हा पिकाचा बिघाड की अळीचं यश? अळ्यांची मोजणी दोन्ही उत्तरांना सारखीच लागू पडते. बिघाड म्हणायचं तर आधी कुणाचं भलं बघायचं ते ठरवावं लागतं. आम्ही शेतकऱ्याचं बघतो आणि तसं उघड सांगतो. फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेलं पीक) घेऊ नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) बांधावर रचू नका: अळीचा जीवनक्रम कितीही पाठ असला, तरी शेतकऱ्याची बाजू घेतल्याशिवाय यातला एकही सल्ला देता येत नाही.